सहा डॉलरची शिस्त

परवा धाकट्या मामाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "अरे, तुझे बाबा सांगत होते, तू म्हणे तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन भांडलास? बागेत ताटल्या फेकायचे सहा डॉलर मागतायत म्हणून?" मी हो म्हटल्यावर लगेच पुढचं वाक्य आलंच. "फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही रे. घेऊ देत की पैसे. जरा शिस्त तरी लागेल."

फोनवर मी नुसतं "हं हं" केलं. मामा वादाला बसला की तासाभराची निश्चिंती असते, आणि मला ऑफिसला जायचं होतं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण अगदी हेच वाक्य मी त्या सभेत इंग्रजीतून निदान सहा जणांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यातले दोघे दर शनिवारी माझ्याबरोबर खेळणारे! तेव्हा मामा, हे उत्तर तुलाही आणि त्यांनाही. त्यांना मराठी येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आधी ताटल्यांचं सांगतो, कारण आत्याने मागे विचारलं होतं की हे नक्की काय प्रकरण आहे. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त काठी आणि चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती. चौपाटीवर पोरं एकमेकांकडे फेकतात त्या फ्रिस्बीपेक्षा ही लहान, जड आणि कडेला निमुळती. वीतभर रुंद, वजन साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. सिमेंटच्या एका चौथऱ्यावरून फेकायची, जिथे पडेल तिथे जाऊन तिथून पुन्हा फेकायची, असं करत करत लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांच्यावर आदळली की "खळ्ळ" असा आवाज होतो आणि ती खाली टोपलीत पडते. त्या आवाजासाठी मी उणे दहा तापमानात, बर्फात चकती हरवू नये म्हणून तिला रिबन चिकटवून, दोन दोन तास हिंडलेलो आहे. घरी बायको काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

अशा अठरा टोपल्या एका पार्कात झाडाझुडपांतून पसरलेल्या असतात. हिरवळ राखावी लागत नाही, पाणी घालावं लागत नाही, एकेक टोपली चारपाचशे डॉलरला मिळते. खऱ्या गोल्फला शंभर-दीडशे एकर जमीन आणि माळ्यांची फौज लागते. आमचा कोर्स पार्काच्या ज्या कोपऱ्यात आहे तिथे चढउतार आणि ओढा असल्यामुळे दुसरं काही होण्यासारखं नव्हतंच.

या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली झाला, तोही सार्वजनिक पार्कातच. कॅलिफोर्नियात पासाडीनाजवळ ओक ग्रोव्ह नावाचं पार्क होतं, आता त्याला हाहामोंग्ना म्हणतात. शेजारीच नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. एड हेड्रिक हा वॅम-ओ कंपनीतला माणूस. फ्रिस्बी बनवणारी तीच ती कंपनी, आणि फ्रिस्बी सरळ उडावी म्हणून तिच्यावर ज्या बारीक रेघा असतात त्यांचं पेटंट याच्याच नावावर. त्याने तिथे नुसते खांब पुरून सुरुवात केली. पण चकती खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायला लागले, म्हणून मग साखळ्यांची टोपली निघाली. १९७७ साली तिचं पेटंट मिळालं. २००२ साली हेड्रिक वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मिसळून काही चकत्या बनवल्या. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "म्हणजे विसर्जन करायचं ते फेकून?"

२०१९ साली कामासाठी तिकडे गेलो होतो तेव्हा वाकडी वाट करून ओक ग्रोव्हला जाऊन आलो. धुळीची जमीन, वाकडेतिकडे ओक, ऊन. काही भव्य नाही. कोणी अडवलं नाही, कोणी तिकीट मागितलं नाही. जगातल्या पहिल्या कोर्सवर मी पायांतल्या त्याच बुटांनी चालत गेलो आणि खेळून आलो. आज जगात असे पंधरा हजारांहून जास्त कोर्स आहेत आणि त्यातले बहुतेक असेच, सार्वजनिक जागेत आणि बिनपैशाचे. हे काही आपोआप झालेलं नाही. तिकीट असतं तर हा खेळ वॅम-ओच्या दोन-चार जाहिरातींपुढे गेला नसता असं माझं मत आहे. ज्याला पटत नसेल त्याने सोडून द्यावं.

आता मुद्दा. म्हणजे बाबा.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा इकडे आले ते २०२३ च्या मे महिन्यात. वय चौऱ्याहत्तर. रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले, सगळा जन्म दादरला. संध्याकाळी शिवाजी पार्कचा कट्टा चुकला नाही कधी. ज्यांचे आईवडील इकडे येऊन गेलेत त्यांना मी काय सांगू? पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात ते खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागतात. आमच्या मिशिगनच्या या गावात दुकान तीन मैलांवर, बस नाही, अर्ध्या रस्त्यांना फुटपाथ नाही. ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस इथे पाय असून पांगळा. बाबा संध्याकाळी मला विचारायचे, "आज ट्रॅफिक होता का?" दिवसभरात त्यांच्याकडे विचारण्यासारखं तेवढंच उरलेलं असायचं.

पार्क मात्र आमच्या घरापासून बारा मिनिटं चालत. एक दिवस ते आपले आपण तिथे गेले आणि सातव्या टोपलीजवळच्या बाकावर बसून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन आठवडे ते नुसते बघत होते. मला वाटलं, वेळ घालवतायत. मग एकदा शर्टच्या खिशातली त्यांची डायरी बघितली तर आत रकाने! अनोळखी लोकांच्या फेकी मोजून ठेवलेल्या. लाल टोपी चार, कुत्रेवाला तीन, जाडा मुलगा सहा, खाली बेरीज आणि सरासरी. अकाउंट्स ते अकाउंट्स.

त्या कुत्रेवाल्याने (शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त) एकदा थांबून विचारलं, तुम्ही रोज काय लिहिता? बाबांनी त्यांच्या रेल्वेच्या इंग्रजीत समजावून सांगितलं आणि डायरी दाखवली. तो म्हातारा इतका हसला म्हणे की कुत्रं घाबरलं. मग त्याने पिशवीतली एक जुनी पिवळी चकती काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती पत्ते वाटतात तशी फेकली, आणि गंमत म्हणजे बॅकहँड फेकायची रीत जवळपास तशीच असते. शेवटी ती डावीकडे वळून झुडपात गेली. उजव्या हाताने अशी फेकली की वेग मंदावल्यावर ती डावीकडे वळतेच, पण बाबांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी ते चूक दुरुस्त करायला गेले.

पुढचे चार महिने ते रोज गेले. ऑगस्टपर्यंत त्यांच्या ओळखीची माणसं या गावात माझ्यापेक्षा जास्त होती. मी इथे अकरा वर्षं आहे. मला शेजाऱ्याचं आडनाव माहीत नव्हतं, ते बाबांनी सांगितलं.

आता याच गोष्टीत ते सहा डॉलर घाला. पार्किंगपाशी मशीन, कार्ड लावा, पावती घ्या, मग आत. मामा म्हणेल, तू वर्षाचा पास काढून दिला असतास. नव्वद डॉलरचा पास मी डोळे झाकून काढला असता, प्रश्न तो नाहीच. पहिल्या दिवशी बाबांना माहीतच नव्हतं की त्यांना खेळायचंय! दोन आठवड्यांनंतरही नव्हतं. पास काढतो तो, ज्याचं आधीच ठरलंय. उगाच येऊन उभा राहिलेला माणूस मशीन बघून मागे फिरतो. आणि बाबा तर कॅलक्युलेटरच आहेत, सहा डॉलर म्हणजे पाचशे रुपये, पाचशे रुपयांत काय काय येतं याची यादी त्यांनी मला घरी येईपर्यंत ऐकवली असती आणि पुन्हा खिडकीशी बसले असते. बघ्याचा खेळाडू होतो तो मधल्या बिनपैशाच्या जागेत. या गावात मी तरी दुसरीकडे अशी जागा बघितलेली नाही.

सभेत मला तीन मिनिटं मिळाली होती. समोर घड्याळ उलटं पळत असतं, लाल दिवा लागतो, आणि माझं इंग्रजी अशा वेळी मॅट्रिकच्या पातळीवर येतं. बाबांची गोष्ट सांगून झाली आणि दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या गोड म्हाताऱ्यासाठी वाजवल्या. मुद्दा राहिलाच. तो आता इथे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं खोटं नाही. कोर्सवर बिअरचे डबे पडतात. एक टोपली गेल्या वर्षी कोणीतरी वाकवली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या ओकची साल चकत्या लागून लागून सोलली गेलीय आणि मुळं उघडी पडलीत. सगळ्यात वाईट म्हणजे सातव्याची फेक चालायच्या वाटेवरून जाते. चांगल्या खेळाडूच्या हातून सुटलेली चकती ताशी नव्वद-शंभर किलोमीटरने जाते, ती बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला लागली तर काय होईल हे सांगायला डॉक्टर नको. त्या सभेत एक बाई हेच पोटतिडकीने बोलल्या, आणि मला त्यांचं शंभर टक्के पटलं.

पण यातलं सहा डॉलरने काय सुटतं ते मला कोणी सांगेल का? पैसे भरून खेळणाऱ्याची चकती हळू जाते? त्याच्या चकतीने झाडाची साल सोलत नाही? सातव्याचा चौथरा तीस पावलं उजवीकडे सरकवा, वाट सुटते. एक शनिवार, सिमेंटच्या काही गोण्या, आम्ही दहा जण. ओकच्या बुंध्याभोवती लाकडाचा भुगा टाका आणि समोर दोन खांब रोवा, म्हणजे चकती त्यांना लागेल. दुसरीकडे खेळणाऱ्यांनी हे केलेलं मी बघितलंय. त्याला पैशांपेक्षा माणसं लागतात, आणि माणसं फुकट यायला तयार होतात ती जागा आपली वाटते म्हणून.

इथे मामाच्या वाक्याशी माझं खरं भांडण आहे. "पैसे घेतले की किंमत कळते." उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकीनी या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००० साली एक निबंध आला होता. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं घेतली. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे, बाई ताटकळत बसायच्या. त्यातल्या सहा पाळणाघरांत उशिराला दहा शेकेल दंड लावला. शिस्त लागली असेल ना? उशिरा येणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले! आधी उशीर झाला की बाईंचं तोंड बघायची लाज वाटायची, आता दहा शेकेल दिले की झालं. पुढे दंड बंद केला तरी उशीर कमी झाला नाही. एकदा गेलेली लाज परत आली नाही.

पाळणाघर आणि पार्क सारखं नव्हे, मान्य. पण मी स्वतःचंच उदाहरण देतो, आणि ते मला शोभणारं नाही. दर जूनमध्ये आमच्या कोर्सवर एक छोटी स्पर्धा असते. पंचवीस डॉलर प्रवेश. पार्क तेच, बाकी लोकांना खुलं. गेल्या वर्षी मी सातव्याच्या चौथऱ्यावर उभा होतो आणि एक वयस्कर जोडपं वाटेवरून रमतगमत चाललं होतं. एरवी मी चकती खाली करतो, हात हलवतो, "सावकाश जा" म्हणतो. त्या दिवशी मी ओरडलो. "आज स्पर्धा आहे! जरा लवकर!" आजोबांनी आजींचा हात धरला आणि दोघं घाईघाईने बाजूला गवतात जाऊन उभे राहिले. मला बाबा आठवले नाहीत, काही नाही. चकती फेकली, ती झाडाला लागली, आणि मला राग आला तो त्या दोघांचाच. घरी येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं की मी काय केलं. पंचवीस डॉलर दिले होते ना, ती वाट तेवढ्यापुरती माझी झाली होती.

सहा डॉलरने हेच रोज होईल. आज त्या वाटेवर चालणारा आणि मी, दोघेही पार्कात आलेले लोक आहोत. उद्या मी गिऱ्हाईक असेन आणि तो मध्ये आलेला. त्या बाईंना वाटतंय मशीन लागलं की त्यांची वाट सुरक्षित होईल. मला भीती आहे की पावती खिशात असलेला माणूस त्यांना सांगेल, मॅडम, हा कोर्स आहे, तुम्ही दुसरीकडे फिरा. आणि नियमांत बसवून सांगेल. सभा संपल्यावर मी त्यांना गाठून हे सांगायचा प्रयत्न केला, त्या घाईत होत्या.

शिवाजी पार्क १९२५ पासून लोकांना खुलं आहे. मामा, तू तिथेच वाढलास. एकाच मैदानात किती सामने चालायचे? आपला मिडऑन दुसऱ्यांच्या गलीत उभा असायचा. आझाद मैदानात तर अजून दाटी. चेंडू कोणाचा हे ओरडून ठरायचं. मधूनच एखादे आजोबा छत्री घेऊन पिचवरून जायचे आणि सगळे थांबायचे, शिव्या मनातल्या मनात. ती शिस्त कुठल्या तिकिटाने आली होती? मैदान कोणाच्या एकट्याच्या नावावर नाही हे प्रत्येकाला माहीत असल्यामुळे वाट काढावी लागायची, एवढंच. आणि त्याच्याच आजूबाजूला कुंपण घातलेले, सभासदत्वाचे जिमखाने होते. तू आणि मी त्यांच्या फाटकातून आत डोकावून बघितलंय. कधी गेलोय आत?

खाजगी कोर्सला माझा विरोध नाही, गैरसमज नको. मॅसॅच्युसेट्समध्ये मेपल हिल म्हणून नावाजलेला कोर्स आहे, ख्रिसमसची झाडं लावायच्या शेतात. तिथे पैसे घेतात आणि घ्यावेत, शेत त्यांचं आहे. पार्क माझं आहे. आणि त्या बाईंचं, आणि ज्याला बघत बसायचंय त्याचं. देखभालीला पैसे लागतात तर घरपट्टीत घाला चार डॉलर, मी हात वर करतो. मिशिगनच्या राज्य उद्यानांसाठी २०१० पासून गाडीच्या नोंदणीबरोबरच वर्षाचा एक छोटा आकार घेता येतो. तो गाडीमागे असतो, खेळामागे नाही. असं काहीतरी सुचवा ना. पण नाही. मशीनच पाहिजे, कारण मशीन विकणाऱ्या कंपनीने सभेत रंगीत चित्रं दाखवली. (चित्रातल्या पार्कात एकही माणूस नव्हता. फार स्वच्छ दिसत होतं.)

माझ्या शनिवारच्या दोघा दोस्तांचं म्हणणं वेगळं आहे, ते जास्त प्रामाणिक आहे. त्यांना गर्दी नकोय. २०२० च्या कोविडच्या उन्हाळ्यानंतर कोर्सवर झुंबड उडाली, पहिल्या चौथऱ्यावर वीस वीस मिनिटं थांबावं लागतं, आणि नवी पोरं हळू खेळतात. सहा डॉलरने ती गळतील. गळतील, हो. सगळ्यात आधी कोण गळेल हे त्यांनाही माहीत आहे. अपार्टमेंटांतून सायकलवर येणारी ती चार पोरं, तिघांत मिळून दोन चकत्या असणारी. त्यांना मी हे विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "त्यांच्यासाठी काहीतरी सवलत ठेवतील." मग सवलतीचा अर्ज, मग ओळखपत्र. असो.

निर्णय पुढच्या सभेवर ढकललाय. मी जाणार आहे. या वेळी कागदावर लिहून, घड्याळ लावून पाठ करतोय. लेक परीक्षा घेते.

एक राहिलं. या खेळात प्रत्येकजण चकतीच्या मागे आपलं नाव आणि फोन नंबर लिहितो, हरवली तर सापडणाऱ्याने कळवावं म्हणून. बाबांनी त्या पिवळ्या चकतीवर नंबर माझा लिहिला होता पण नाव मात्र ठसठशीत देवनागरीत, वर रेघ मारून. परत जायच्या आठवड्यात ती ओढ्यात गेली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी तासभर शोधली, मिळाली नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे, दिलेलीच होती."

पुढच्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, एका अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस म्हणाला, मी शेजारच्या गावातून मुलाला घेऊन पहिल्यांदाच इथे आलोय, ओढ्याच्या कडेला एक चकती मिळाली, तिच्यावर दोरीला कपडे वाळत घातल्यासारखी काहीतरी अक्षरं आहेत, ती तुमची का? पहिल्या चौथऱ्याजवळच्या फळीवर ठेवून जातो म्हणाला. संध्याकाळी गेलो तर होती.

रविवारी बाबांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून आधी नाव नीट आहे का बघितलं. परवा मामाचा फोन झाल्यावर मी त्यांनाच फोन केला. पैसे घ्यायला लागले का, विचारत होते. म्हटलं, अजून नाही.

"मग मे महिन्याचं बघ तिकीट," म्हणाले. "आणि त्या कुत्रेवाल्याला सांग, डायरी आणतोय."